दाबून ठेवलेली स्प्रिंग मरते का?

"आप्पा, भरीसन ठेवं ते स्प्रिंग मरी जास का?"

लोकसभेची आचारसंहिता ६ जून २०२४ ला उठली, त्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. पारोळ्याकडचे एक नाना आमच्या वर्कशॉपमध्ये आले, खुर्चीवर टेकले, तांब्याभर पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न हाच. नानांकडे वडिलांच्या वेळेपासून परवाना आहे. मळ्यातलं घर गावापासून लांब, म्हणून बत्तीस बोरचं पिस्तूल. निवडणूक आली की बऱ्याच परवानाधारकांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात, तसं त्यांचंही मार्चमध्ये जमा झालं होतं आणि नुकतंच परत मिळालं होतं. ठाण्यात पावती दाखवून उभे असताना कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं, की मॅगझिन (पिस्तुलात बसणारा गोळ्यांचा डबा) भरून ठेवलं तर आतली स्प्रिंग मरते आणि ऐन वेळी गोळी वर येत नाही. नानांकडे दोन मॅगझिन. हत्यार जमा करताना गोळ्या काढायच्या तेवढ्या, एरवी त्यातलं एक वर्षानुवर्षं भरलेलंच असतं. दुसरं रिकामं. आपल्या हातून चूक झाली, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

जळगावच्या एमआयडीसीत मी स्प्रिंगा बनवतो. फवारणी पंपाच्या, कुलपांच्या, ठिबकच्या व्हॉल्व्हच्या, क्लचच्या. पिस्तुलाची स्प्रिंग बनवत नाही आणि कुणी कितीही गळ घातली तरी बनवणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्यारं आणि त्यांचे सुटे भाग बनवायला, दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. पण तार तीच, तिचे गुणदोष तेच. त्यामुळे नानांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो. हा प्रश्न एकट्या नानांचा नाही. निवडणुका संपल्या, की दर वेळी कुणी ना कुणी तो घेऊन येतंच.

आधी उत्तर सांगून टाकतो. चांगल्या तारेची, नीट बनवलेली स्प्रिंग दाबून ठेवल्याने मरत नाही. थोडी बसते, आणि तेही बहुतेक सुरुवातीलाच. तिचा खरा दम जातो तो पुन्हा पुन्हा दाबली-सुटल्याने, आणि पडून असलेल्या हत्यारात तिला खाऊन टाकतो तो गंज.

आता हे असं का, ते पाहू.

तार पिळली जाते

बॉलपेनातली स्प्रिंग काढून चिमटीत दाबा. आपल्याला वाटतं तार वाकते आहे. ती वाकत नाही, पिळली जाते. एकच वेढा डोळ्यांसमोर आणा. वरून दाब आला की वेढ्याचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या मानाने किंचित फिरतं, आणि मधली तार ओल्या टॉवेलाला पीळ द्यावा तशी पिळली जाते. गुंडाळलेली स्प्रिंग म्हणजे जागा वाचवण्यासाठी वेटोळं केलेली लांबच लांब पिळाची सळईच. या पिळाचा सगळ्यात जास्त ताण तारेच्या पृष्ठभागावर येतो, आणि त्यातही वेढ्याच्या आतल्या बाजूला. ही जागा लक्षात ठेवा, पुढे गंजाच्या वेळी ती पुन्हा लागणार आहे.

'जेवढा ताण, तेवढा जोर' हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगितला. कुणी आपला शोध पळवू नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, आणि १६७८ मध्ये त्याची उकल दिली. आजही आम्ही लोड टेस्टरवर स्प्रिंग लावतो तेव्हा हाच नियम तपासत असतो. एवढे मिलिमीटर दाबली, तर एवढा काटा हलला पाहिजे.

नियमाला मर्यादा आहे. निंबाची ओली डहाळी थोडी वाकवून सोडली की सरळ होते. जास्त वाकवली की मोडत नाही, पण वाकडीच राहते. पोलादाचंही तसंच. मर्यादेच्या आत अणूंमधले बंध फक्त ताणले जातात आणि जोर काढला की अणू आपल्या जागी येतात. मर्यादा ओलांडली की अणूंचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरतात, आणि घसरलेला थर आपणहून परत येत नाही. आमच्या भाषेत अशी स्प्रिंग 'बसली'. जोर काढल्यावरची तिची मोकळी उंची कमी होते, म्हणून तेवढ्याच जागेत दाबली तरी ती आधीपेक्षा कमी जोर देते. पोलादाचा मूळ ताठरपणा तेवढाच असतो, उंची तेवढी घटलेली असते. ही गोष्ट गिऱ्हाइकाला समजावताना मला नेहमी वेळ लागतो, कारण सगळ्यांना वाटतं की स्प्रिंग 'मऊ' झाली.

चांगली स्प्रिंग बनवणारा ही मर्यादा लांब ठेवतो. बाजारात जिला 'पियानो वायर' म्हणतात, ती ०.७ ते १ टक्का कार्बन असलेल्या पोलादाची, थंड अवस्थेत साच्यातून ओढत ओढत बारीक केलेली तार असते. एक मिलिमीटर जाडीची अशी तार, जाडीच्या हिशोबाने, बांधकामाच्या सळईच्या साधारण चौपट ओढ सोसते. तिची स्प्रिंग गुंडाळली की आम्ही ती भट्टीत २०० ते २५० अंशांवर काही वेळ ठेवतो, म्हणजे गुंडाळताना तारेत अडकलेले ताण निघून जातात. मग येतं ते काम, ज्यात नानांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. तयार स्प्रिंग आम्ही मुद्दाम, वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबतो. एकदा नाही, दोन-चारदा. याला स्क्रॅगिंग म्हणतात. पहिल्या दाबाला ती थोडी बसते, म्हणून नकाशात दिलेल्या उंचीपेक्षा आम्ही ती आधीच थोडी उंच गुंडाळलेली असते. जेवढं बसायचं तेवढं कारखान्यातच बसून घेते, आणि गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर जवळपास तिथेच टिकते.

पडून राहिली तर काय होतं

जवळपास म्हणालो, कारण थोडा हिशोब शिल्लक राहतो. स्प्रिंग मर्यादेच्या आत दाबून ठेवली तरी काळ जाईल तसा तिचा जोर थोडासा घटतो. याला 'ताण सैलावणं' म्हणू. तारेच्या आत काही कमकुवत जागा असतात, तिथले अणू सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतात. पण या सैलावण्याचा वेग सारखा नसतो. सुरुवातीचे तास, सुरुवातीचे दिवस यांत ते सगळ्यात जास्त होतं, मग मंदावत जातं. नवी सुतळी भरलेली बाज आठवा. पहिल्या आठवड्यात झोळते, पायथ्याची दोरी एकदा ओढून घ्यावी लागते, पुढे बराच काळ तिच्याकडे बघायला नको. म्हणून नवं मॅगझिन पहिल्यांदा भरताना शेवटच्या दोन गोळ्यांना अंगठा दुखतो आणि तेच मॅगझिन आठवडाभर भरून ठेवलं की सोपं जातं. ते बिघडलेलं नसतं. ते आपल्या जागी बसलेलं असतं.

हे सैलावणं किती होईल, ते दोन गोष्टींवर ठरतं. तार मर्यादेच्या किती जवळ ताणली आहे, आणि ती किती तापली आहे.

तापण्याचं ऐकून नाना दचकले. "आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश, घरातलं लोखंडी कपाट तर तव्यासारखं!" खान्देशातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण पोलादाच्या लेखी ४५ अंश म्हणजे काहीच नाही. पियानो वायरच्या स्प्रिंगा साधारण १२० अंशांपर्यंत बिनघोर वापरतात. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतसुद्धा तेवढं तापत नाही. ऊन स्प्रिंगला थेट मारत नाही. ते मारतं तेलाला, त्याबद्दल पुढे.

पटायला सोपं उदाहरण मळ्यातच आहे. चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं इंजिन कुठेही थांबलं, तरी एखादा ना एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि उघड्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तेवढा सगळा काळ दाबलेली असते. भाऊबंदकीच्या वादात पाच-सात वर्षं गोठ्याशेजारी उभे राहिलेले ट्रॅक्टर आमच्याकडे गावोगाव सापडतील. वाद मिटतो, मिस्त्री येतो. बॅटरी गेलेली, डिझेलच्या टाकीत चिखल, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, कधी पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या. पण 'व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून दाबून मेली' असं मी तरी अजून एकाही मिस्त्रीच्या तोंडून ऐकलेलं नाही. तीच स्प्रिंग चालत्या इंजिनात मिनिटाला शेकडो वेळा दाबली जाते, आणि ती मोडते तेव्हा चालत्या इंजिनात मोडते.

मोडतं ते हलण्याने

हातात पक्कड नसताना बांधणीची तार तोडायची असेल तर आपण काय करतो? मागेपुढे वाकवत राहतो. एका वाकवण्याने तिला काही होत नाही, दहाव्या-पंधराव्याला ती तुटते. धातूचा हा थकवा माणसाला नीट कळला तो रेल्वेमुळे. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ धावत्या इंजिनाचा आस मोडला, गाडी पेटली, पन्नासहून जास्त माणसं गेली. आस चांगला जाडजूड होता, मग मोडला कसा? पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवून दिलं, की एका झटक्यात मोडायला लागतो त्याच्यापेक्षा खूप कमी ताण लाखो वेळा येत राहिला तर धातू मोडतो. आणि पोलादाच्या बाबतीत ताण एका ठरावीक पातळीच्या खाली ठेवला, तर तो जवळपास कितीही फेरे सोसतो. भुसावळमध्ये रेल्वेत काम केलेल्या कुणालाही विचारा, आसांची तपासणी ध्वनिलहरींनी का करतात ते तो सांगेल. भेग बारीक सुरू होते, डोळ्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

पिस्तुलाची अडचण अशी, की त्यात जागा फार कमी. रेल्वेच्या डब्याखालच्या स्प्रिंगला हवी तेवढी जाडी देता येते. पिस्तुलात बोटाएवढ्या जागेत स्प्रिंग बसवायची, म्हणून तार बारीक आणि ताण जास्त. व्होलरच्या सुरक्षित पातळीच्या खाली राहणं दर वेळी जमत नाही. म्हणून या स्प्रिंगांना आयुष्य असतं, आणि ते वर्षांत मोजत नाहीत, झाडलेल्या गोळ्यांत मोजतात.

बत्तीस बोरची गोळी जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराच्या डोक्यातून १८९९ च्या सुमारास निघाली. ती वापरणाऱ्या बहुतेक पिस्तुलांत मागचा दरवाजा कुलूपबंद नसतो. गोळी सुटते, वरचा जड भाग म्हणजे स्लाईड मागे येते, रिकामं काडतूस फेकते, आणि रिकॉइल स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. स्लाईडचं वजन आणि ही स्प्रिंग, एवढ्यावरच सगळा मामला. पुढे जाताना स्लाईड मॅगझिनमधली वरची गोळी नळीत लोटते. हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागात होतं, आणि तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगला सगळी गोळ्यांची चळत एक पायरी वर उचलून धरायची असते. उशीर झाला की स्लाईड गोळीच्या डोक्यावरून निघून जाते किंवा गोळी तिरकी अडकते.

मोठ्या बोरच्या, ४५ च्या १९११ नमुन्याच्या पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग साधारण ३००० ते ५००० गोळ्यांनंतर बदलावी, असं सांगतात. आखूड पिस्तुलांत त्याहून लवकर. आता नानांचा हिशोब करा. वडिलांच्या वेळेपासून आजपर्यंत त्या पिस्तुलातून शंभर गोळ्यासुद्धा सुटलेल्या नाहीत. थकायला ती स्प्रिंग हललीच किती!

म्हणून 'दर महिन्याला मॅगझिन रिकामं करा, स्प्रिंगला आराम द्या' हा सल्ला मला पटत नाही. पोलादाला आराम लागत नाही. वर्षातल्या बारा फेऱ्यांनी तिचं काही बिघडतही नाही, पण दर वेळी हाताचा घाम गोळ्यांना आणि मॅगझिनच्या वरच्या कडांना लागतो, आणि हत्यार हाताळण्याचा प्रत्येक प्रसंग म्हणजे चुकीला एक जागा. हत्यार रिकामं, कुलपात, मुलांच्या नजरेआड, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. स्प्रिंगचा प्रश्न त्याच्या नंतरचा. मॅगझिन भरून ठेवायचंच असेल तर ते पिस्तुलात बसवून ठेवू नका, हे मी नानांना तीनदा सांगितलं.

कुठे काळजी करावी

सगळ्याच स्प्रिंगा एका मापाच्या नसतात, त्यामुळे अपवाद सांगायला हवेत.

एक म्हणजे जास्त गोळ्यांचं मॅगझिन. पोलीस-लष्कराकडे असलेलं ९ मिलिमीटरचं 'वन-ए' पिस्तूल बंगालमधल्या इछापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं, आणि त्याचा मूळ नमुना १९३५ चा ब्राउनिंग हाय-पॉवर आहे. त्याच्या मॅगझिनमध्ये दोन ओळींत १३ गोळ्या बसतात. नंतरच्या पिस्तुलांनी जवळपास तेवढ्याच डब्यात आणखी गोळ्या कोंबल्या. गोळ्यांना जागा दिली की स्प्रिंगची जागा जाते, आणि पूर्ण भरल्यावर तिचे वेढे एकमेकांना टेकायच्या बेतात येतात. अशा वेळी ताण मर्यादेच्या अगदी जवळ जातो आणि सैलावणंही वाढतं. तिथे एक-दोन गोळ्या कमी भरणं हा खरोखर कामाचा उपाय आहे. नानांच्या एका ओळीच्या साध्या मॅगझिनला त्याची गरज नाही, पण एक कमी भरली तर बिघडत काहीच नाही.

दुसरं, स्लाईड मागे अडकवून पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नये. रिकॉइल स्प्रिंग त्या अवस्थेत जास्तीत जास्त दाबलेली असते. चांगली असेल तर तरीही टिकेल, पण उगाच कशाला? शिवाय तसं ठेवलं की धूळ आत जायला रस्ता मोकळा. घोडा चढवून ठेवण्याचंही तेच, आणि तिथे स्प्रिंगपेक्षा सुरक्षेचं कारण मोठं.

तिसरं म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगा. आमच्या भागात जुन्या घरांत बाराबोरच्या दोननळी बंदुका आहेत. त्यातल्या काहींत घोड्यामागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली पोलादाची पट्टी असते. त्या काळी ती हाताने ठोकून, तापवून, विझवून बनवत. कारागीर चांगला असेल तर ती तीन पिढ्या चालते, नाहीतर दुमडीपाशी मोडते. अशी बंदूक घोडे उतरवलेल्या अवस्थेतच ठेवावी.

गावठी कट्ट्यातली स्प्रिंग कसल्या तारेची आहे, हे बनवणाऱ्यालासुद्धा माहीत नसतं. ती गोष्ट बेकायदा आहे, धोक्याची आहे, आणि इथे तिचा विषय नाही.

शनिवारी दाबल्या, सोमवारी तुटल्या

एक अपवाद मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि तो सांगताना अजून पोटात गोळा येतो. धंद्याच्या पहिल्या वर्षांत एका कडीच्या स्प्रिंगांची ऑर्डर होती. गंजू नयेत म्हणून गिऱ्हाइकाने झिंकचं पाणी चढवून मागितलं. प्लेटिंगवाल्याकडून माल आला, चकचकीत, निळसर झाक. शनिवारी संध्याकाळी त्यातल्या वीस-पंचवीस स्प्रिंगा फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडून ठेवायच्या चौकटीत, दाबून ठेवल्या, सोमवारी तपासू म्हणून. सोमवारी सकाळी शटर उघडलं तर फिक्स्चरखाली तुकडे पडलेले. कुणी हात लावला नव्हता, मशीन बंद होतं, कारखाना बंद होता. दाबलेल्या जागी, गप्प बसल्या बसल्या त्या तुटल्या होत्या. तुटलेल्या जागी ना वाकल्याची खूण, ना ताणल्याची. काचेसारखा सरळ काप.

कारण हायड्रोजन. प्लेटिंगच्या आधी तार आम्लात धुतात, मग टाकीत वीज सोडतात. दोन्ही वेळा हायड्रोजन सुटतो, आणि त्याचा अणू इतका लहान, की पोलादात शिरून बसतो. जेवढं पोलाद कडक, तेवढा त्याचा त्रास जास्त. ताणाखाली तो हायड्रोजन जिथे ताण सर्वात जास्त तिथे गोळा होतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी तार तडकते. उपाय सोपा आहे. प्लेटिंग झाल्यावर लगेच, वेळ न घालवता, २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायचं, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. प्लेटिंगवाल्याला मी ते सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं. ती सगळी ऑर्डर मी भंगारात घातली आणि पुन्हा बनवून दिली.

हे पिस्तुलवाल्यांना का सांगतोय? कारण गंजलेली स्प्रिंग 'जरा पॉलिश करून, निकेल मारून' आणणारे लोक मला माहीत आहेत. गंज काढायला आम्लात बुडवलेली आणि वर पाणी चढवलेली स्प्रिंग दिसायला नवी असते, आणि पडून असताना तुटू शकते. गंजलेली स्प्रिंग बदलायची असते. तिच्यावर पैसे घालू नका.

पावसाळा आणि तेल

नानांना घेऊन मी शेवटी एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही मॅगझिनचे तळ सरकवून स्प्रिंगा बाहेर काढल्या आणि पांढऱ्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मध्ये एक नवी.

भरलेल्या मॅगझिनची स्प्रिंग नव्या स्प्रिंगपेक्षा बोटभर आखूड होती. नानांचा चेहरा उतरला. दुरुस्तीवाल्यांनी ती साफ करून पुन्हा बसवली, डमी गोळ्या भरल्या, हाताने स्लाईड ओढून ओढून सगळ्या फिरवल्या. एकही अडकली नाही, आणि शेवटची गेल्यावर स्लाईड जिथे थांबायला हवी तिथेच थांबली.

रिकाम्या मॅगझिनची स्प्रिंग उंचीला नव्याएवढीच भरली. पण वरच्या चार वेढ्यांवर तांबडी खपली होती आणि नखाने खरवडल्यावर खाली बारीक खड्डे लागले. गोळी उचलणारी पट्टी अर्ध्यावर अडकत होती. हे मॅगझिन कायम चामड्याच्या पाकिटात ठेवलेलं होतं, नानांच्या वडिलांनी शिवून घेतलेलं, सुंदर पाकीट.

चामडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात राहिलेले असतात. नेताना पाकीट ठीक, ठेवायला नको. खान्देशची हवा कोरडी म्हणून आपण निर्धास्त असतो, पण जून ते सप्टेंबर इथेही भिंती ओल्या होतात, आणि हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर गंज झपाट्याने चढतो. घामाचं बोट लागलेलं असेल तर तिथून आधी. आता ती जागा आठवा, वेढ्याची आतली बाजू, जिथे पिळाचा ताण सर्वात जास्त. तिथेच फडकं पोचत नाही, तिथेच ओल थांबते. गंजाचा सुईच्या टोकाएवढा खड्डा म्हणजे भेगेला मिळालेली सुरुवात. मग व्होलरची ती सुरक्षित पातळी तिच्यासाठी उरत नाही.

तेलाबाबत आमच्याकडे मोठा घोळ आहे. घरात जे असेल ते लावायचं. सरकीचं तेल लावलेलं मी पाहिलंय. कढईच्या कडेला, मूठ असते तिथे, तेलाचा जो पिवळट चिकट थर जमतो ना, नखाने निघत नाही असा, तोच थर सहा महिन्यांत स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जमतो. हवा आणि उष्णता लागली की हे तेल सुकून घट्ट होतं. जवसाचं त्याहून लवकर. खान्देशातला उन्हाळा घात करतो तो असा. खोबरेल सुकत नाही, पण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि डिसेंबर-जानेवारीत जळगावला पहाटे दहा अंशांच्या आसपास पारा असतो. गोठलेल्या तेलात अडकलेली स्प्रिंग जोर असूनही हळू उठते, आणि लोक म्हणतात स्प्रिंग मेली. चिकटलेला थर धुतला की तीच स्प्रिंग चांगली निघते. हत्यारांसाठी मिळणारं पातळ खनिज तेल वापरावं. नसेलच तर शिलाई मशीनचं तेल. स्प्रिंग पुसून घेतल्यावर बोटाला ओलसर लागेल एवढंच. मॅगझिनमध्ये तेल ओतू नये, कारण ते काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत झिरपतं आणि गोळी फुसकी निघते. वर्षानुवर्षं भरून पडलेल्या मॅगझिनमध्ये मला स्प्रिंगपेक्षा गोळ्यांचीच शंका जास्त येईल.

वरणगावच्या निर्माणीत लहान हत्यारांची काडतुसं बनतात आणि भुसावळच्या निर्माणीत दारूगोळ्याच्या पेट्या, डबे. त्या पेट्यांची झाकणं रबराच्या पट्टीवर घट्ट का बसतात, हे तिथे नोकरी केलेल्या शेजाऱ्याला विचारून घ्या. आतल्या मालाला ओलीपासून वाचवायचं असतं. घरी तेवढी सोय नको. कपाटाच्या कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे असतात, ओल पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. स्पंज, मखमल, फडक्याची घट्ट गुंडाळी यांत हत्यार ठेवू नका, ती सगळी ओल धरतात. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दसऱ्याला शस्त्रपूजनासाठी काढाल तेव्हा एकदा, कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा. हळद-कुंकू वाहिलं असेल तर ते ओलं तसंच ठेवून कपाट बंद करू नका. त्यात पाणी असतं.

बदलायची वेळ कशी ओळखायची, हे नानांनी निघताना विचारलं. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं ते असं. शेवटची गोळी गेल्यावर स्लाईड थांबायला हवी असूनही थांबत नसेल, किंवा गोळ्या नाक खाली घालून अडकत असतील, तर मॅगझिनची स्प्रिंग बघा. स्लाईड पूर्ण पुढे येत नसेल किंवा रिकामी काडतुसं नेहमीपेक्षा फार लांब उडत असतील, तर रिकॉइल स्प्रिंग. काडतुसाच्या टोपीवर पिनेची खूण फिकी असेल, तर घोड्याची किंवा फायरिंग पिनेची. गंजाचा खड्डा दिसला तर लक्षणांची वाट बघायची नाही. आणि नवी घ्याल ती त्याच मॉडेलची, परवानाधारक दुकानातून. 'जास्त कडक चांगली' म्हणून वेगळी कडक स्प्रिंग घातली, तर स्लाईड पुरेशी मागे येत नाही आणि नवाच अडथळा सुरू होतो.

नानांनी गंजलेल्या मॅगझिनसाठी नव्या स्प्रिंगची नोंद केली. भरलेल्या मॅगझिनची जुनी, बोटभर आखूड स्प्रिंग तशीच राहू दिली. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पारोळ्याची एसटी गाठायची होती. दारापर्यंत गेले, परत फिरले, खिशातून ते चामड्याचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हे आता देव्हाऱ्याजवळ ठेवीन, चष्म्याला," आणि पुन्हा उचलून घेतलं.